उडीची कळ

कौसल्या,

काल संध्याकाळी तेल्हाऱ्याहून परत आले. तुझ्या मायच्या अंगणात सतरंजीवर बसले, वंदना झाली, तुझ्या फोटोपुढे मेणबत्ती लावली. तोच फोटो, टायपिंगच्या परीक्षेच्या अर्जासाठी अकोल्याला काढलेला. त्यात तुझी मान ताठ आणि डोळे असे, की फोटोवाल्याने काहीतरी आगाऊपणा केला असावा. सगळ्या बाया रडत होत्या. मला रडू आलं नाही. तुझी काकू माझ्याकडे सारखी बघत होती, ही कसली मैत्रीण म्हणून. तिला काय सांगणार? मला तुझा राग आला होता. अजून आहे. तेल्हाऱ्याहून अकोला, अकोल्याहून बडनेरा आणि तिथून अमरावतीला खोलीवर येईपर्यंत तो काही उतरला नाही.

काविळीने गेलीस. आधी गावातल्या कोणाचा तरी झाडपाला घेतला आणि दवाखान्यात न्यायचं ठरेपर्यंत उशीर झाला, असं तुझी माय म्हणाली. अगं, चहा उभ्याने पिणारी बाई तू. वेणी घालायला वेळ जातो म्हणून केस कापायला निघालेली. जन्मभर प्रत्येक गोष्टीत घाई केलीस आणि दवाखान्यात जायला मात्र तुला सवड होती. या एका गोष्टीवरून मी तुझ्याशी आठ दिवस भांडले असते. पण भांडायचं ते निराळंच निघालं, आणि तेही तू गेल्यावर.

आपण भेटलो अकोल्याच्या त्या टायपिंग क्लासात. खाली सरकी-ढेपेचं दुकान, लाकडी जिना चढून वर गेलं की लांबट खोली आणि तिच्यात मशीनं बडवणारी सगळी पोरं. पोरी आपण दोघीच, म्हणून मास्तरांनी भिंतीकडच्या बाकावर शेजारी बसवलं. तुझे वडील जिनिंगमध्ये मजुरीला. नागपूरहून धम्म घेऊन आले आणि घरात पाय ठेवताच म्हणाले, पोट्टी कापूस वेचाले जानार नाई. मी माळ्याची. शहराच्या कडेला आमचा भाजीचा आणि फुलांचा मळा. माझ्या बोटांना कोथिंबिरीच्या जुड्या बांधायची सवय होती, तुझ्या बोटांना कापूस वेचायची. मास्तर म्हणायचे, या दोघींचे हात आधीच शिकलेले आहेत. नंतर ते असलं काही बोलले नाहीत, कारण तू त्यांना फार प्रश्न विचारायला लागलीस.

कोपऱ्यात ते मोठं मशीन होतं, आठवतं? तक्ते करण्यासाठी. कागद आडवा बसेल इतकी लांब त्याची सरकती गाडी. त्याच्या अक्षरांच्या वर कळांची एक वेगळीच ओळ होती आणि मास्तर तिला हात लावू द्यायचे नाहीत. "बिघडन थे. स्पेसबार हाये ना, थो ठोका." सगळे तेच करायचे. एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात जायचं तर स्पेसबार टक टक टक टक ठोकत, मनात मोजत जायचं. मोजायला चुकलं की आकडा शेजारच्या घरात. मग कार्बनच्या सगळ्या प्रतींवर एकेक करून खोडायचं.

"या कळा काहून ठेवल्या असतीन मंग?" तू मला हळूच विचारलंस.

मी म्हटलं, "शोभेले."

"शोभेले कोनी लोखंड लावत नाई वं इंदे. त्या कंपनीवाल्याले काय फुकट आलं व्हतं का?"

मास्तर जेवायला खाली गेले की तू त्या मशीनवर. मी जिन्यापाशी पहारा करायचे. काही दिवसांत तू त्याचा उलगडा केलास. आधी मशीनच्या पाठीमागे प्रत्येक रकान्याच्या जागी एक खुंटी लावायची. मग आकडा चार अंकी असेल तर हजाराची कळ, दोन अंकी असेल तर दहंची. कळ दाबली की गाडी घर्रकन धावते, खुंटीपाशी थांबते आणि आपोआप एकंच्या खाली एकं, दहंच्या खाली दहं येतं. मोजायचं नाही. मान वर करायची नाही. आपण तिचं नाव ठेवलं उडीची कळ. पहिल्यांदा गाडी अशी धावली तेव्हा तू तोंडावर पदर घेऊन हसलीस, आणि मी पहारा सोडून तुझ्याकडे धावले. जिन्यात मास्तर उभे होते, हे दोघींनाही दिसलं नाही.

ती कळ तू मला शिकवलीस. माझी पहिली फजिती तुला पाठ होती. सरावाच्या तक्त्यात दहंच्या ऐवजी शतंची कळ दाबत गेले आणि दर्यापूरचा सगळा कापूस एक घर पुढे सरकला, बघणाऱ्याला दहापट वाटावा असा. "दर्यापूरवाल्याइचं भलं झालं बाप्पा," तू म्हणालीस, "आता पोरी दर्यापूरले द्या म्हना." मास्तरांनी मला ओरडण्याआधी तू हसवलंस. त्या वयात असं कोणी असणं ही मोठी गोष्ट होती, कौसल्या. रागातही ते मला विसरता येत नाही.

मग आपल्याला अमरावतीच्या त्या सरकारी कचेरीत हंगामी टायपिस्ट म्हणून घेतलं. दोघींना एकाच दिवशी. दर सोमवारी कापसाचा तक्ता डाकेत पडायचा: कुठल्या तालुक्यात किती आवक झाली, किती गठाणी बांधल्या गेल्या. अकोट, बाळापूर, मूर्तिजापूर, दर्यापूर, अचलपूर. तुझं तेल्हारं त्यात नसायचंच, ते अकोटाच्या आकड्यात मिसळलेलं. "आमचा कापूस अकोटाच्या नावानं जाते पाय," तू दर सोमवारी म्हणायचीस. मोठ्या गाडीचं मशीन एकच. म्हणून एकीने आकडे वाचायचे आणि दुसरीने मान मशीनवर ठेवून ठोकायचे, असा रिवाज होता. तक्त्याला सोमवार पुरायचा नाही, धावतपळत डाक गाठायची. एवढ्यासाठीच तर दोन बाया घेतल्या होत्या.

त्या मशीनवरही तुला उडीच्या कळा सापडल्या आणि वाचणारीची गरजच उरली नाही. डोळे आकड्यांवर, बोटं कळांवर, मध्ये कोणीच नको. दुपारच्या जेवणाआधी तक्ता तयार. उरलेल्या दिवसात तू खात्याच्या परीक्षेचं पुस्तक काढून बसायचीस, सर्वांच्या देखत, टेबलावर कोपर टेकून.

मी तुला सांगितलं होतं. एकदा नाही, कितीदा तरी. "कौसे, जरा हळू घे. संध्याकाळपर्यंत पुरव. रिकामे हात यांना बघवत नाहीत."

"काहून? माह्या बोटाइनं वाचवलेला वेळ हाये, थो माहाच हाये."

"तो तुझा नाही. कचेरीचा आहे."

"कचेरीचा कसा? कचेरीनं शिकवलं का मले?"

पण मी म्हणत होते ते झालं. बडेबाबू, म्हणजे आपले हेडक्लार्क, टेबलांमधून फेऱ्या मारता मारता एक दिवस तुझ्या पुस्तकापाशी थांबले. त्यानंतर दुसऱ्यांची पत्रं तुझ्या टेबलावर येऊ लागली. तीही तू संपवलीस, अडाणी कुठची! मग साहेबांकडे कुजबुज सुरू झाली की दोन हंगामी बायांचं काम एकीच्यानं होत असेल तर दुसरी कशाला. शेवटी ठरलं: दोघींनी एकाच दिवशी, एकेकटीने, वाचणारीशिवाय पूर्ण तक्ता करून दाखवायचा. सकाळी तू, दुपारी मी. जी बरी ठरेल ती राहील.

ती सकाळ मी व्हरांड्यातल्या बाकावर काढली. आत तू आणि साहेब, दाराला पडदा, दारापाशी बडेबाबू. मला दिसत काही नव्हतं, पण मला बघायची गरज काय? तुझं मशीन मी झोपेतही ओळखलं असतं. घर्रर्र, चार ठोके, घर्रर्र, दोन ठोके. त्या सकाळी ते घर्रर्र आलंच नाही. टक टक टक टक, टक टक टक टक, एखाद्या नवशिक्या पोरासारखं. मी उठून उभी राहिले. वाटलं, हिला चक्कर आली की काय. मग आतून तुझा आवाज आला, अगदी शांत: "कळ अडकते, साहेब."

तुझा तक्ता अर्धाच झाला.

आता पुढचं मला तुला सुनवायचं आहे. मधल्या सुट्टीत आपण कचेरीमागच्या निंबाखाली बसलो. तुझ्या डब्यात ज्वारीची भाकर आणि जवसाची चटणी. तू अर्धी भाकर माझ्या हातावर ठेवलीस. मी विचारलं, काय झालं? तू म्हणालीस, "अडकली." मी म्हटलं, आता मी काय करू? तू म्हणालीस, "जेव आधी." एवढंच. बाकीचा वेळ तू चिमण्यांना भाकरीचे तुकडे टाकत बसलीस. तिथे बडेबाबू नव्हते, साहेब नव्हते, कोणी नव्हतं. एवढी मोकळी सुट्टी होती आणि तू चिमण्यांना जेवू घातलंस.

दुपारी मी त्याच मशीनवर बसले. भीत भीत हजाराची कळ दाबली. गाडी घर्रकन धावली, लोण्यासारखी. मला वाटलं, तुझ्या हातून खटपट होऊन मोकळी झाली असेल. नशीब, म्हटलं. आणि शिकलेली बोटं शिकल्याप्रमाणे चालत गेली. डाकेच्या आधी तक्ता तयार झाला. साहेब म्हणाले, "शाबास."

तुला बसवर सोडायला आले तेव्हा तू खिडकीतून म्हणालीस, "तुले कायम करतीन आता. नीट राहजो." आणि पेटी मांडीवर घेऊन अकोल्याला निघून गेलीस, त्याच क्लासात शिकवायला, त्याच भिंतीकडच्या बाकापाशी.

मला कायम केलं. त्या मशीनवर मी इतकी वर्षं बसले आणि ती कळ एकदाही अडकली नाही, कौसल्या. पावसाळ्यात नाही, उन्हाळ्यात नाही, धुळीने नाही. पहिल्या वर्षीच माझ्या लक्षात आलं होतं. त्यानंतर मी अकोल्याला आले की तुला विचारायचे: खरं सांग, अडकली होती का? तुझं एकच: "अडकली म्हनजे अडकली." एकदा क्लासातल्या पोरींसमोर मी आवाज चढवला, तेव्हा तू त्यांना म्हणालीस, "या बाईले मशीनची लय काळजी हाये." त्या हसल्या. मी चप्पल घालून जिना उतरले आणि वर्षभर आले नाही.

मी काय समजत होते, माहीत आहे? मी समजत होते की तू मला नोकरी दान केलीस. माझे वडील नुकतेच गेले होते, मळ्यावर भाऊबंदकी चालू होती, म्हणून तुला माझी दया आली. दर महिन्याला पगार हातात पडला की मला ते आठवायचं आणि तोंड कडू व्हायचं. कोणी सांगितलं होतं दया करायला? मी तुझ्यापेक्षा हळू होते, हरले असते तर हरले असते. सरळ हरायचा माझा हक्क तू काढून घेतलास, असं मी धरून बसले होते.

आणि काल तुझी माय, सगळे पांगल्यावर, माझ्याजवळ येऊन बसली. तिला वाटलं, मला ठाऊक असेल. त्या तक्त्याच्या परीक्षेच्या दिवशी सकाळी तू मशीनवरचं कापड काढत होतीस तेव्हा साहेब आणि बडेबाबू आतल्या खोलीत बोलत होते, ते तू ऐकलं होतंस. साहेब म्हणाले होते की दोघींपैकी एकीलाही एकटीने तक्ता जमला नाही, तर दोघींना ठेवावं लागेल, सोमवारची डाक काही चुकवता येत नाही.

"थ्यानं तं तिनं हात आवरला," माय म्हणाली. "मले म्हने, माय, जनमात पयल्यांदा इंदीचं ऐकलं, हळू केलं."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, तेव्हा मी त्या म्हातारीवरच ओरडले. "मग मला काहून नाई सांगतलं तिनं? निंबाखाली बसून भाकर खाल्ली आम्ही! मीही हळू केलं असतं! दोघी राहिलो असतो!"

मायने मेणबत्तीची वात चिमटीने सारखी केली. मग म्हणाली, "म्या बी हेच इचारलं व्हतं, बाई. तं म्हने, माय, म्या सांगतलं असतं आन् तिनं नसतं ऐकलं, तं मंग माह्याजोळ तिचं काय राह्यलं असतं? न सांगता गेलं तं निदान मैतरीन तं राह्यली."

म्हणजे दया नव्हती, दान नव्हतं. तुला माझी खात्री नव्हती. इतकी साधी गोष्ट. तू मला पारखून बघायलाही भ्यालीस. ज्या कळांना मास्तर हात लावू देत नव्हते त्या चोरून दाबून बघणारी तू, मला एकदा दाबून बघितलं नाहीस.

आणि याचं कारणही मला ठाऊक आहे, म्हणूनच माझ्या अंगाची आग होते. आमच्या घरी तू एकदाच आलीस. ओट्यावर बसून चहा प्यालीस, आईने शेवंतीची वेणी दिली, ती तू लगेच माळलीस. तू गेलीस आणि छत्री विसरलीस. ती घ्यायला माघारी आलीस तेव्हा माझी आई ओट्यावर, तू बसली होतीस त्या जागेवर, बादलीने पाणी ओतत होती. मी आतून धावत आले तर मला फाटकाशी तुझी पाठ दिसली आणि केसांतली ती वेणी. छत्री कोपऱ्यात तशीच. दुसऱ्या दिवशी क्लासात मी ती तुला दिली, तू म्हणालीस, "बरं झालं, पानी येनार दिसते." विषय संपला.

तू जे पाहिलंस ते खरं होतं. पण तू वळलीस त्यानंतरचं तू पाहिलं नाहीस. मी ती बादली आईच्या हातून ओढून घेतली आणि मळ्यात भिरकावली. त्यानंतर महिनाभर मी आईशी बोलले नाही आणि ओट्यावरच जेवले, तुझ्याच जागेवर बसून. मामा समजवायला आला, त्यालाही मी उंबऱ्यातून परत पाठवलं. हे मी तुला सांगितलं नाही. मला वाटलं, यात सांगण्यासारखं काय आहे, आणि तू दुखावलीच नसलीस तर उगीच खपली कशाला काढा. तू सांगत नव्हतीस, मी सांगत नव्हते. एका बाकावर बसायचो आपण, कोपराला कोपर लागायचं!

मी ऐकलं असतं, कौसल्या. मी स्पेसबार ठोकला असता, संध्याकाळपर्यंत, बोटं सुजेपर्यंत. आज असं म्हणायला काही लागत नाही, हे मला कळतं. ते सिद्ध करायची वेळ निंबाखाली होती आणि ती तू चिमण्यांना घातलीस. आता मी कुणाला पटवू? तुझ्या फोटोला? तो आधीच डोळे वटारून बसला आहे.

एवढं मात्र सांगते. आज सोमवार. सकाळी कचेरीत गेले, मोठ्या मशीनवरचं कापड काढलं, कागद आणि कार्बन चढवले. अकोट, बाळापूर, मूर्तिजापूर. बोटं आपल्या सवयीने वरच्या ओळीकडे गेली. मी ती खाली ओढून आणली आणि स्पेसबारवर ठेवली. टक टक टक टक. शेजारचे कारकून मान वर करून बघायला लागले. जेवणाची सुट्टी झाली, मी निंबाखाली जाऊन आले, पुन्हा बसले. टक टक टक टक. डाकेची वेळ झाली तेव्हा मी मूर्तिजापूरपाशीच होते.

बडेबाबू आले. आता म्हातारे झालेत, चष्मा कपाळावर असतो. "काय बाई, तक्ता कुठी हाये? डाक निघून राहिली ना."

मी म्हटलं, "कळ अडकते, बडेबाबू."

त्यांनी मशीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. इतक्या वर्षांत त्यांनी त्या मशीनला कधी हात लावलेला नाही, आजही लावला नाही. "मंग कसं करता? एकटीच्यानं होत नाई का आता?"

"नाई होत."

त्यांनी चष्मा खाली घेतला, सुस्कारा सोडला. "मंग अजून एक बाई मांगा लागन वरून."

"लागन," मी म्हटलं. "तवा बी लागतच व्हती."